‘टिपला’ नव्हे, ‘फोटोला बसला’

छायाचित्रांविषयी मराठीत लिहिताना एक क्रियापद आता अपरिहार्य होऊन बसले आहे: ‘टिपणे’. छायाचित्रकाराने गायकाची तल्लीनता टिपली, वादकाच्या चेहऱ्यावरची समाधी टिपली, कलावंताचे अंतरंग टिपले. दिवाळी अंकांतील संगीतविषयक लेख, कलावंतांच्या निधनानंतरच्या पुरवण्या, छायाचित्र-प्रदर्शनांची परीक्षणे, कुठेही पाहावे, टिपणे अखंड चालू आहे. या क्रियापदाचे कुळ एकदा तपासून पाहण्यासारखे आहे. पाखरू दाणा टिपते. शिकारी सावज टिपतो. टीपकागद शाई टिपतो. तिन्ही ठिकाणी जे टिपले जाते त्याला कोणी काही विचारत नाही. दाण्याला मत नसते. सावजाला असले तरी ते ऐकून घेण्याची पद्धत नाही.

याच भाषेत दोन-तीन पिढ्यांपूर्वी दुसरा एक प्रयोग सर्रास चालत असे: ‘फोटोला बसणे’. आजोबा फोटोला बसले, नवरानवरी फोटोला बसली, नाटक मंडळी फोटोला बसली. माणूस जेवायला बसतो, पूजेला बसतो, परीक्षेला बसतो, तसा फोटोला बसतो. येथे फोटो ही वस्तू नसून एक प्रसंग आहे आणि वाक्याचा कर्ता कॅमेऱ्यामागचा माणूस नाही, समोरचा आहे. मुख्य म्हणजे बसलेला माणूस उठू शकतो. ‘टिपणे’ या क्रियापदात ती सोय नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: लोकप्रिय संगीताच्या नियतकालिकांनी गेल्या अर्धशतकात पोझ आणि कॅमेऱ्याचे कोन यांचे जे प्रयोग केले, त्यांची चर्चा आपण ‘टिपणे’ या क्रियापदाच्या आधाराने करतो आणि म्हणून ती फसते. प्रयोगाचे सारे श्रेय कॅमेऱ्याच्या पदरात पडते. प्रयोग ज्याच्या देहावर झाला त्याचा हिशेब राहून जातो. एखादा प्रयोग मोठा की नुसता भडक, हे ठरवताना विचारायचा पहिला प्रश्न प्रकाशयोजनेचा नाही आणि कोनाचाही नाही. फोटोला बसलेल्या व्यक्तीला उठून जाता येत होते काय, हा तो प्रश्न आहे. रचना, कोन, छापील पान यांचा अर्थ त्यानंतर लागतो.

मराठीच्या अध्यापकांनी या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. साहित्याच्या अभ्यासक्रमांत प्रसारमाध्यमांच्या अभ्यासपत्रिका येऊन आता बराच काळ लोटला आहे आणि त्या शिकवण्याचे काम आमच्यासारख्यांकडेच असते. तेथे काय शिकवले जाते? कोनांचा शब्दकोश. कॅमेरा खाली असेल तर व्यक्ती बलवान, वर असेल तर दुबळी, डोळ्यांच्या पातळीवर असेल तर समता. टीप लिहायला सोयीचे, तपासायला त्याहून सोयीचे. उपमा ओळखली की कविता कळली, असे मानणाऱ्या अलंकारिक अध्यापनाची आपण एवढी वर्षे यथेच्छ टवाळी केली. आता तेच अध्यापन आपण मागच्या दाराने कॅमेऱ्यासह आत घेतले आहे.

या शब्दकोशाची किंमत किती, ते एका साध्या उदाहरणावरून दिसेल. रॉक संगीताच्या मैफलींचे बहुसंख्य फोटो खालून घेतलेले दिसतात. गायक आभाळाएवढा, त्याच्या हातातले गिटार पहाडासारखे. यावर ‘नायकपूजा’, ‘पुरुषी सत्तेचे दृश्यरूप’ अशा टिपा सहज लिहिता येतात. पण मोठ्या मैफलीत मंच पुरुषभर उंच असतो आणि छायाचित्रकारांना मंच व कठडा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत उभे केले जाते; तेथेही बहुधा पहिल्या काही गाण्यांपुरतेच. तेथून कॅमेरा वर केल्याशिवाय गायक दिसतच नाही. म्हणजे कोन ठरवला तो मंच बांधणाऱ्या सुताराने. आपल्याकडच्या शास्त्रीय मैफलीत बैठक बुटकी असते, गायक मांडी घालून बसलेला आणि छायाचित्रकारही समोर जमिनीवर टेकलेला. म्हणून तेथे कोन जवळजवळ डोळ्यांच्या पातळीचा येतो. त्यावरून हिंदुस्तानी संगीत समतावादी आणि रॉक संगीत हुकूमशाही, असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला आपण किती गुण देणार आहोत?

आता एक प्रसिद्ध मुखपृष्ठ घेऊ. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या ‘रोलिंग स्टोन’ या पाक्षिकाचा २२ जानेवारी १९८१ चा अंक. त्यावर नाव सोडून एकही ओळ नाही. जमिनीवर योको ओनो पूर्ण पोशाखात उताणी पडलेली आहे, केस पसरलेले, नजर दुसरीकडे. तिला पूर्ण नग्न जॉन लेनन हातापायांनी बिलगला आहे, आईच्या पोटातल्या मुलासारखा गुडघे वर घेऊन. छायाचित्रकार ॲनी लायबोविट्झ. फोटो घेतला ८ डिसेंबर १९८० रोजी, न्यूयॉर्कच्या डाकोटा इमारतीतील त्यांच्या घरी. त्याच रात्री लेननची त्या इमारतीच्या दारात हत्या झाली. अमेरिकेतील मासिक-संपादकांच्या संघटनेने २००५ साली गेल्या चाळीस वर्षांतले सर्वोत्कृष्ट मुखपृष्ठ म्हणून त्याची निवड केली.

या फोटोविषयी सर्वत्र काय लिहिले जाते? लायबोविट्झ यांनी लेननची असहाय्यता ‘टिपली’. नियतीची चाहूल ‘टिपली’. आम्हाला यातले एकही वाक्य मान्य नाही. त्या दिवशी प्रत्यक्षात काय घडले, हे खुद्द छायाचित्रकार बाईंनीच वेळोवेळी सांगितले आहे. पाक्षिकाला एकटा लेनन हवा होता. लेननने योकोही मुखपृष्ठावर असली पाहिजे असा हट्ट धरला. लायबोविट्झ यांची कल्पना दोघांनी विवस्त्र व्हावे अशी होती. लेनन तयार झाला. योकोने फक्त वरचे वस्त्र काढण्याची तयारी दाखवली. तेव्हा लायबोविट्झ म्हणाल्या की मग सारेच कपडे राहू देत. चाचणीचा झटपट फोटो पाहिल्यावर, आमचे नाते नेमके असेच आहे, असे लेननने सांगितले आणि हाच फोटो मुखपृष्ठावर येईल असे वचन घेतले. हत्येनंतर, पाक्षिकाला एकट्या लेननचा चेहरा छापण्याचा मोह होणे स्वाभाविक असताना, ते वचन पाळले गेले.

या साऱ्यात टिपले कोणी आणि काय? येथे दोन नकार आहेत. संपादकाच्या मागणीला लेननचा नकार आणि छायाचित्रकाराच्या कल्पनेला योकोचा अर्धा नकार. मुखपृष्ठाची सारी ताकद या दोन नकारांतून आली आहे. दोघेही नग्न असते तर ते १९६८ च्या ‘टू व्हर्जिन्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या आवरणाचे पुनर्मुद्रण ठरले असते. ते चित्र तर त्या दोघांनी आपोआप चालणारा कॅमेरा लावून स्वतःच काढले होते. एक वस्त्रात आणि एक नग्न, आणि नग्न तो पुरुष, ही रचना योकोच्या ‘नाही’तून जन्माला आली. युरोपीय चित्रकलेत कपडे घातलेल्या पुरुषांत विवस्त्र स्त्री बसवण्याची परंपरा जुनी आहे. ती येथे उलटी झाली. छायाचित्रकाराची थोरवी अशी की तिने तो नकार अडचण मानला नाही, त्याचेच चित्र केले.

कोनाचेही तसेच. कॅमेरा वरून पाहतो आहे. शब्दकोशाप्रमाणे दोघेही दुबळे ठरायला हवेत. पण अंक हातात उभा धरला की जमिनीवर पडलेली योको उभी असल्यासारखी भासते आणि लेनन तिला धरून लोंबकळतो आहे असे वाटते. म्हणजे अर्थ केवळ कोनाने दिला नाही. वरून घेतलेला फोटो उभ्या पानावर छापण्याने दिला. गुरुत्वाकर्षण कागदाने बदलले. असा बारकावा सांगण्यासाठी शब्दकोश बाजूला ठेवून पान हातात घ्यावे लागते.

त्याच पाक्षिकाचे दुसरे मुखपृष्ठ याच्या शेजारी ठेवू. १५ एप्रिल १९९९. गायिका ब्रिटनी स्पीअर्स, छायाचित्रकार डेव्हिड लाशापेल. पहिला संग्रह त्याच वर्षी जानेवारीत आलेला. वय सतरा. फोटो लुइझियाना राज्यातील केंटवूड या तिच्या गावी घेतलेले. याही वेळी मुलगी पहुडलेली आणि कॅमेरा वरून. काखेत लहान मुलांचे खेळणे, कानाशी दूरध्वनी. आणि ‘ही बालिका आहे’ व ‘ही बालिका नाही’ यांच्या सीमारेषेवर वाचकाला हिशेबाने आणून उभे करणारी मांडणी. आतल्या पानांवर बाहुल्यांनी सजलेली खोली. या फोटोंवर वादळ उठले आणि नंतर तेही ‘धाडसी प्रयोग’ म्हणून इतिहासात जमा झाले. लाशापेल यांची रंगांची उधळण, भडकपणाचा उपरोधासाठी केलेला वापर, उपभोगवादी अमेरिकेची थट्टा, असे सारे त्याविषयी वाचायला मिळते.

कोन तोच, देहाची आडवी स्थिती तीच. म्हणजे शब्दकोशाच्या लेखी दोन्ही चित्रे सारखी. वाचणारा मात्र क्षणात जाणतो की ती सारखी नाहीत. फरक कोठे आहे? नीतीच्या सोवळ्यात आम्हाला शिरायचे नाही. नग्नता तर पहिल्या चित्रात अधिक आहे. फरक असा की पहिल्या चित्रात चाळिशी गाठलेला, जगातल्या कोणत्याही संपादकाला दार दाखवू शकणारा माणूस स्वतः होऊन आपली दुबळी बाजू देऊ करतो. दुसऱ्या चित्रात जिचा पहिला संग्रह येऊन जेमतेम तीन महिने झाले आहेत, जिच्याभोवती कंपनी, व्यवस्थापक आणि प्रसिद्धीची यंत्रणा उभी आहे, अशी सतरा वर्षांची मुलगी फोटोला बसते. ती हसते आहे, हे खरेच. तिने होकार दिला असेल, हेही खरे असू शकेल. पण ज्याला ‘नाही’ म्हणण्याची किंमत परवडत नाही त्याच्या ‘हो’ला होकार म्हणायचे की नाही, हा प्रश्न स्त्रीवादी समीक्षेने साहित्यातल्या कितीतरी नायिकांच्या बाबतीत आपल्याला विचारायला शिकवला आहे. कादंबरीतल्या नायिकेसाठी तो विचारायचा आणि मुखपृष्ठावरच्या मुलीसाठी विसरायचा, हा कोणता न्याय?

पुढे २००८ ते २०२१ या काळात याच गायिकेच्या पैशाचे आणि आयुष्याचे निर्णय न्यायालयाच्या आदेशाने दुसऱ्यांच्या हाती होते. त्याचे खापर एका मुखपृष्ठावर फोडणे हास्यास्पद होईल आणि आम्ही ते फोडत नाही. एवढेच म्हणतो की ‘उठून जाता येते का’ हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला असता तर तो तिच्या बाबतीत अगदीच अस्थानी ठरला नसता.

येथे कोणी म्हणेल की तुम्ही सामर्थ्यवानांच्या फोटोंना चांगले आणि दुबळ्यांच्या फोटोंना वाईट म्हणता. तसे नाही. फेब्रुवारी १९६९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने गायकांच्या मागे फिरणाऱ्या तरुणींवर विशेष अंक काढला. त्या काळच्या पुरुषी संगीतजगात या मुलींना कसलीही प्रतिष्ठा नव्हती आणि अंकाचा सूरही मोठा आदराचा नव्हता. पण बॅरन वोलमन या छायाचित्रकाराने त्यांना स्टुडिओत साध्या पार्श्वभूमीसमोर उभे केले. त्या आपापल्या आवडीने नटूनथटून आल्या, आपापल्या ढंगात उभ्या राहिल्या. लेखातला मजकूर काहीही म्हणो, त्या चित्रांत त्या कोणाच्या मागे फिरणाऱ्या वाटत नाहीत. फोटोला आलेल्या वाटतात. म्हणजे बसणाऱ्याची सत्ता कीर्तीवर किंवा पैशावरच अवलंबून असते असे नाही. कधी पांढरी भिंत आणि थोडा वेळ एवढ्यावरही ती उभी राहते. कॅमेऱ्याने ती जागा द्यावी मात्र लागते.

‘टिपण्या’च्या भोंदूपणाचा दुसरा प्रकार म्हणजे मागाहून कळलेली गोष्ट आधी दिसल्याचा दावा. हॉलंडहून लंडनला आलेल्या अँटन कॉर्बिन या तरुण छायाचित्रकाराने नोव्हेंबर १९७९ मध्ये ‘जॉय डिव्हिजन’ या मँचेस्टरच्या वाद्यवृंदाचा फोटो लँकेस्टर गेट या भुयारी स्थानकात घेतला. सारे वादक कॅमेऱ्याकडे पाठ करून आत चालले आहेत आणि फक्त गायक इयन कर्टिस मान वळवून मागे पाहतो आहे. संगीताच्या साप्ताहिकात फोटो छापायचा तो चेहऱ्यांसाठी, असा तेव्हाचा सरळ हिशेब असल्यामुळे पाठीच दाखवणारा हा फोटो घ्यायला सुरुवातीला कोणी फारसे उत्सुक नव्हते. १८ मे १९८० रोजी कर्टिसने तेविसाव्या वर्षी आत्महत्या केली. मग त्याच फोटोत सर्वांना मृत्यूकडे जाणारी वाट दिसू लागली, मागे वळलेली मान म्हणजे निरोप दिसू लागला. जुलै १९८० मध्ये निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या आवरणावर इटलीतील एका थडग्याचे छायाचित्र होते. ते कर्टिसच्या मृत्यूपूर्वीच निवडलेले असूनही त्यालाही भाकिताचा मान मिळाला.

कवीच्या आत्महत्येची तारीख हाती धरून त्याच्या प्रत्येक कवितेत मरणाची सूचना शोधणाऱ्या विद्यार्थ्याला आपण वर्गात थांबवतो. कविता तिच्या शब्दांतून वाच, चरित्रातून नको, असे त्याला सांगतो. फोटोपुढे मात्र आपण स्वतःच ज्योतिषी होतो. कॉर्बिनच्या फोटोतला खरा प्रयोग मृत्यूच्या चाहुलीत नाही. चेहरा विकणाऱ्या नियतकालिकाला पाठ दाखवण्यात तो आहे. आवडता चेहरा पाहायला पान उघडलेल्या वाचकाला तीन पाठी आणि एक अर्धवट वळलेली मान मिळते. ज्यांचे संगीतही श्रोत्याला चुचकारत नव्हते, अशा चौघांनी आणि त्यांचे संगीत समजलेल्या एका परक्या मुलाने मिळून हा नकार दिला. गायक जिवंत असतानाही तो तेवढाच समर्थ होता. त्याला मोठे होण्यासाठी कोणाच्या मरणाची गरज नव्हती. आपल्या वाचनाला ती लागली, हे आपल्या वाचनाचे दारिद्र्य.

टिपलेल्या क्षणांचे भक्त या ठिकाणी आपले हुकमी पान टाकतील. पोझ दिलेल्या फोटोंचे सोडा, ते म्हणतील, सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियम नाट्यगृहात ‘द क्लॅश’चा पॉल सिमोनन आपले बास गिटार मंचावर आपटत होता आणि पेनी स्मिथ यांनी ते ‘टिपले’, त्याचे काय? तेथे पोझ नव्हती, विचारणे नव्हते, संमती नव्हती. मान्य. पण गोष्ट तेथे संपत नाही. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’साठी काम करणाऱ्या पेनी स्मिथ यांना तो फोटो वापरायचाच नव्हता, कारण तो धूसर आला होता, गिटार अंगावर येईल म्हणून त्या मागे सरकत होत्या. ‘लंडन कॉलिंग’च्या आवरणावर हाच फोटो हवा, असा आग्रह वाद्यवृंदाच्या जो स्ट्रमरने धरला आणि त्यांचे मन वळवले. ब्रिटनच्या ‘क्यू’ मासिकाने २००२ साली त्याला रॉक संगीताचे सर्वश्रेष्ठ छायाचित्र ठरवले. येथे ‘नको’ म्हणणारी छायाचित्रकार आहे आणि ‘हवा’ म्हणणारे फोटोतले लोक आहेत. टिपलेल्या क्षणांतला सर्वात गाजलेला क्षणदेखील दोन बाजूंच्या वादातून जगापुढे आला. एकट्या डोळ्याची आणि एकट्या बोटाची ती करामत नाही. ज्या संबंधात दोन्ही बाजू वाद घालू शकतात, तेथे प्रयोगाला कस लागतो, एवढेच आम्ही म्हणतो आहोत.

आमच्या भूमिकेवरचा सर्वात गंभीर आक्षेप याहून वेगळा आहे आणि तो टाळून चालणार नाही. नकारही विकला जातो, त्याचे काय? १६ एप्रिल १९९२ च्या ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर ‘निर्वाणा’चा कर्ट कोबेन हाताने लिहिलेला सदरा घालून उभा राहिला. भांडवलदारी मासिके अजूनही टाकाऊच आहेत, अशा अर्थाचे वाक्य त्यावर होते. मार्क सेलिगर यांनी फोटो घेतला, पाक्षिकाने तो छापला, अंक खपला आणि आज तो सदरा त्या पाक्षिकाच्याच वैभवाचा भाग समजला जातो. ज्याच्या तोंडावर थुंकायचे त्याने ती थुंकी चौकटीत बसवून भिंतीवर लावली. मग नकाराला अर्थ काय उरला?

अर्थ उरतो, पण मर्यादित. नकाराने बाजार बंद पडत नाही. तशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे होईल. विद्रोही कविता अभ्यासक्रमात लागते, तिच्यावर दहा गुणांचे प्रश्न येतात. म्हणून ती कविता खोटी ठरत नाही. नकार चित्रात एक खूण ठेवून जातो. येथे कोणीतरी होते आणि ते कोणीतरी दिलेल्या जागेत पूर्ण मावले नाही, एवढे तो पुढच्या वाचकाला सांगतो. कोबेनचा सदरा पाहिल्यावर ते पाक्षिक हातात धरणाऱ्याला आपण काय विकत घेतले याचा क्षणभर तरी विचार करावा लागतो. १९९९ च्या मुखपृष्ठात अशी एकही खूण सापडत नाही. तेथे सारे मापात बसवलेले आहे आणि तेच भयंकर आहे.

विचार कोणाला असतो आणि देह कोणाला, याची वाटणी या नियतकालिकांनी कशी केली होती, हे पुढे त्यांच्या संस्थापकानेच उघड केले. ‘रोलिंग स्टोन’चे संस्थापक यान वेनर यांनी २०२३ मध्ये रॉक संगीताचे ‘गुरू’ म्हणून मुलाखतींचे पुस्तक काढले. त्यात सात जण होते, सातही गोरे पुरुष. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कलावंत का नाहीत असे विचारल्यावर, त्या बौद्धिक पातळीवर ते तेवढे बोलू शकले नसते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यांना ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या ज्या मंडळाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता त्यातूनच दूर करण्यात आले आणि त्यांनी माफीही मागितली. माफी मागितली, विषय संपला, असे आम्ही मानत नाही. मुलाखतीच्या पानावर बोलणारा पुरुष आणि मुखपृष्ठावर पहुडलेली स्त्री, ही एकाच संपादकीय विचाराची दोन पाने आहेत. कोनांची चर्चा या वाटणीला वगळून करणे म्हणजे वृत्ताची चर्चा करून कवितेचा आशय गिळून टाकणे होय.

हे सारे परक्यांचे आहे, आपल्या संगीताला पोझशी काय देणेघेणे, असे समाधान मानणाऱ्यांना मराठी संगीताचा इतिहास माहीत नसावा. बालगंधर्वांची स्त्रीवेशातील छायाचित्रे पाहावीत. स्टुडिओत स्थिर राहून, पदर कसा घ्यायचा, मान किती कलवायची, नजर कोठे ठेवायची, याचा पूर्ण विचार करून एक पुरुष तेथे स्त्री म्हणून फोटोला बसला आहे आणि त्याच्या नेसण्याचे व नटण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले, हे सर्वश्रुत आहे. तेथे ‘सहज’ काहीही नाही आणि म्हणूनच ती छायाचित्रे आजही बोलतात. दुसरीकडे हिराबाई बडोदेकर. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या गायिकांत त्यांचे नाव येते. गाणारी स्त्री म्हणजे हावभाव करणारी स्त्री, या समजुतीला त्यांनी उत्तर दिले ते व्याख्यानाने नव्हे. शांत, निश्चल बैठकीने. ती बैठक हीसुद्धा पोझच होती. जिच्याकडे कसे पाहायचे हे पाहणाऱ्याने आधीच ठरवून ठेवले होते, अशा स्त्रीने स्वतः निवडलेली, विचारपूर्वक घडवलेली, समाजाच्या नजरेशी वाटाघाट करणारी पोझ. हातात तानपुरा धरलेल्या गायिकांच्या जुन्या छायाचित्रांना आज आपण ‘साचेबद्ध’ म्हणून हसतो. तो साचा त्यांना काय मिळवून देत होता, हे विचारल्याशिवाय हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि आपण त्या जागी काय आणले? मैफलीत वर गेलेला हात, मिटलेले डोळे, कपाळावरच्या आठ्या, विस्फारलेले तोंड. पं. भीमसेन जोशींच्या अशा छायाचित्रांनी एकेकाळी डोळे उघडले होते, कारण त्यांचे गाणेच देहाला असे पिळवटून बाहेर येत असे. आता प्रत्येक होतकरू गायकाच्या जाहिरातफलकावर तोच हात, त्याच आठ्या. ‘टिपलेला क्षण’ हीच आता सर्वात सराईत पोझ झाली आहे; फरक इतकाच की ती स्वतःला पोझ म्हणवून घेत नाही. जी पोझ स्वतःला पोझ म्हणते ती निदान प्रामाणिक असते.

शेवटचा मुद्दा आजचा. आज मोठे कलावंत स्वतःची चित्रे स्वतःच ठरवतात, स्वतःच प्रसृत करतात. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ची साप्ताहिक छापील आवृत्ती तर मार्च २०१८ मध्येच बंद झाली. मग बसणाऱ्याचा विजय झाला, असे म्हणायचे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. ज्या फोटोत छायाचित्रकार ‘नाही’ म्हणू शकत नाही तो फोटोही तितकाच गरीब असतो. त्याला जाहिरात म्हणतात. लेननला लायबोविट्झ हव्या होत्या, स्मिथना स्ट्रमर हवा होता. एकाच बाजूला सारे अधिकार गेले की उरते ती नुसती आज्ञा, मग ती कॅमेऱ्यामागून येवो की पुढून.

म्हणून कोनांचा शब्दकोश आता फाडून टाकावा, अशी आमची सूचना आहे. वर्गात संगीताच्या नियतकालिकातील एखादे चित्र ठेवावे आणि विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: फोटोला कोण बसले? कोणाच्या सांगण्यावरून बसले? बसणाऱ्याने काय नाकारले आणि त्या नकाराची खूण चित्रात कोठे दिसते? ती दिसत नसेल तर का दिसत नाही? यानंतर कॅमेरा वर होता की खाली, हे खुशाल विचारावे. तेव्हा त्या प्रश्नाला उत्तर देण्यासारखे काही हाती आलेले असेल. आणि उत्तरपत्रिकेत कोणी ‘छायाचित्रकाराने क्षण टिपला आहे’ असे लिहिलेच, तर समासात लाल शाईने एकच प्रश्न लिहावा: ‘कोणाचा?’